वंडर वुमनचा वेश: आधी अवतार ठरवा, मग कापड फाडा

तान्ह्या पोळ्याला नागपुरात लाकडी नंदीइतकंच लोकांचं लक्ष पोरांच्या वेशभूषेवर असतं. जिजाऊ, झाशीची राणी, शेतकरी यांच्या रांगेत आता सुपरहिरोही उभे राहतात आणि मुलींना वंडर वुमन व्हायचं असतं. अडचण तिच्या तयार ड्रेसची असते. छातीवर जुन्या कॉमिकमधला गरुड, खाली सिनेमातला पट्ट्यांचा घागरा, त्यावर पुन्हा पांढऱ्या चांदण्या, हातात तलवार आणि डोक्यावर लाल चांदणीचा मुकुट असं सगळं त्यात एकत्र येतं. अशी वंडर वुमन कोणत्याच पानावर किंवा पडद्यावर नाही.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मारबतींच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत काळीच असते आणि पिवळी पिवळीच. रंग बदलला तर ती कोणती हे सांगताच येणार नाही. वंडर वुमनचंही तसंच आहे. तिच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कोणत्या तरी ठरावीक वर्षात, ठरावीक कथेसोबत आली आहे. म्हणून कापड घ्यायला जायच्या आधी तासभर बसून अवतार नक्की करा.

कोणता अवतार कसा ओळखायचा

सगळ्यात जुना अवतार 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या ८ व्या अंकातला. हा अंक १९४१ च्या शेवटी आला. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते आणि चित्रं एच. जी. पीटर यांची होती. लाल चोळीवर सोनेरी गरुड, निळ्या घेरदार घागऱ्यावर पांढऱ्या चांदण्या, लाल बुटांवर पांढरी पट्टी, कपाळी लाल चांदणीचा सोनेरी मुकुट आणि दोन्ही मनगटांवर रुंद कडी, असा तो वेश. घागऱ्याच्या जागी पुढे आखूड चड्डी आली. १९५० च्या दशकात बुटांऐवजी पोटरीपर्यंत बांधलेल्या पट्ट्यांच्या चपला आल्या. एक बारकावा सहसा सुटतो: पहिल्या अंकात लॅसो नाही. तो जादूचा पाश १९४२ मध्ये 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या ६ व्या अंकात आला. मुलीला अगदी पहिल्या अंकातली वंडर वुमन करायची असेल तर कंबरेला दोरी लावू नका. १९४२ ची करायची असेल तर लावा.

१९६८ मध्ये तिची शक्तीच काढून घेतली. वेश, मुकुट, लॅसो सगळं गेलं आणि डायना प्रिन्स (हे तिचं रोजचं नाव) पांढऱ्या आधुनिक कपड्यांत, हातांनी लढणारी साधी बाई झाली. १९७३ मध्ये शक्ती आणि जुना वेश परत आला. ऐनवेळी ठरलं आणि हाताशी दोनच दिवस असतील तर हा पांढरा अवतार जरूर घ्या. पांढरी पँट, पांढरा अंगरखा, पांढरे बूट एवढ्यावर काम भागतं. मात्र परीक्षकांना तो कोणता हे एका वाक्यात सांगावं लागतं, कारण फार थोड्यांना तो माहीत असतो.

लिंडा कार्टर यांची दूरचित्रवाणी मालिका १९७५ च्या चित्रपटाने सुरू झाली आणि १९७९ पर्यंत चालली. वेश जुन्या कॉमिकच्या सगळ्यात जवळचा: गरुड, चांदण्यांची चड्डी, लाल बूट. गोल गिरकी घेऊन वेश बदलणं हे मालिकेचं देणं. हा अवतार निवडला तर मंचावर गिरकी हवीच, आणि गिरकी घ्यायची म्हणजे मुकुट पक्का बसलेला हवा.

१९८२ मध्ये छातीवरचा गरुड गेला आणि त्याच्या जागी एकावर एक बसवलेले दोन इंग्रजी डब्ल्यू आले. सन ओळखायला ही सर्वांत सोपी खूण. पूर्ण गरुड असेल तर १९८२ आधीचं, डब्ल्यूंची जोडी असेल तर नंतरचं. १९८७ पासून जॉर्ज पेरेझ यांनी कथा नव्याने मांडली. तेव्हापासून ती तिच्या अदृश्य विमानाशिवाय उडते आणि तिच्या जन्मबेटाचं नाव पॅराडाइज आयलंडऐवजी थेमिस्कीरा होतं. २०११ मध्ये ब्रायन अझारेलो आणि क्लिफ चियांग यांच्या मालिकेत मुकुट, पट्टा, चिन्ह यांचं सोनं जाऊन चांदी आली. लॅसो मात्र सोनेरीच राहिला. त्या मालिकेचं चित्र समोर ठेवून सोनेरी रंगाचा डबा उघडला की वेश तिथेच चुकला.

पडद्यावर गॅल गॅडो पहिल्यांदा दिसल्या २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये, आणि २०१७ मध्ये पॅटी जेन्किन्स यांचा 'वंडर वुमन' आला. इथे कापड नाहीच, चिलखत आहे: मळकट तांबडं कवच, काशाकडे झुकणारं सोनेरी काम, निळसर पट्ट्यांचा घागरा, चंदेरी मनगटपट्टे, तलवार आणि गोल ढाल. घागऱ्यावर चांदण्या नाहीत. मुकुटावर चांदणी आहे, पण ती उठावाची, त्याच धातूची. लाल नाही. २०२० च्या 'वंडर वुमन १९८४'मध्ये तेच चिलखत उजळ झालं आणि तलवार-ढाल गेली. त्यातलं पंखांचं सोनेरी चिलखत १९९६ च्या 'किंग्डम कम' या कॉमिकवरून घेतलेलं आहे. मुलांसाठी त्याच्या नादी लागू नका. पंखांसह ते गर्दीत चालवत नाही.

चित्र समोर धरून तीन गोष्टी क्रमाने पाहा: छातीवर गरुड की डब्ल्यू, धातू सोनेरी की चंदेरी, हातात पाश की तलवार. तिन्ही उत्तरं एकाच अवतारात बसली पाहिजेत. एक जरी बसत नसेल तर ते चित्र एखाद्या चाहत्याचं असेल किंवा तयार ड्रेसच्या जाहिरातीचं. ते बाजूला ठेवा.

मंचावर काय बोलायचं

वेशभूषेत पोरीला दोन-तीन वाक्यं म्हणायची असतात, आणि तिथेही अवतार एकमेकांत मिसळतात. मार्स्टन यांच्या कथेत राणी हिपोलिटा मातीतून बाळ, म्हणजे डायना, घडवते आणि देवी अॅफ्रोडाइटी त्यात प्राण फुंकते. पेरेझ यांच्याकडेही माती आहे, पण अनेक देवी मिळून तिला वरदानं देतात. २०११ च्या मालिकेत मातीची गोष्ट हे केवळ पांघरूण ठरतं, डायना ग्रीक देव झ्यूसची मुलगी निघते. २०१७ च्या सिनेमात दोन्ही आहे: लहानपणी आई मातीची गोष्ट सांगते, शेवटी खरं वेगळंच निघतं.

मातीची कथा नागपूरच्या मुलीला समजवायला काहीच लागत नाही. तान्ह्या पोळ्यानंतर दोन-तीन दिवसांत गणपती बसतो. तेव्हा चितारओळीत ओल्या मूर्ती रांगेने मांडलेल्या असतात. एकदा तिथून फिरवून आणा, म्हणजे तिच्या बोलण्यात ते आपोआप उतरेल.

जुन्या अवतारासाठी: "मी पॅराडाइज आयलंडची राजकन्या डायना. माझ्या आईने मला मातीतून घडवलं आणि देवीने माझ्यात प्राण फुंकले." सिनेमाच्या अवतारासाठी: "मी थेमिस्कीराची डायना, राणी हिपोलिटाची लेक." २०१७ च्या सिनेमात 'वंडर वुमन' हे नाव कोणीच उच्चारत नाही, त्यामुळे "मी वंडर वुमन" अशी सुरुवात त्या चिलखतासोबत शोभत नाही.

लॅसोबद्दल बोलायचं असेल तर इथेही फरक आहे. मार्स्टन यांचा पाश माणसाला हुकूम पाळायला लावायचा. खरं बोलायला लावणारा पाश मालिकेने आणि नंतर पेरेझ यांनी रुजवला. "माझ्या पाशात कोणी खोटं बोलू शकत नाही" हे वाक्य १९४२ च्या घागऱ्यासोबत नको.

मुलगी स्वतः वाचणारी असेल तर तिला २०१६ ची ग्रेग रुका यांची मालिका द्या, पण अंक क्रमाने देऊ नका. विषम अंकांत आजची कथा आहे, सम अंकांत तिचं पहिलं वर्ष. २, ४, ६, १०, १२, १४ एवढे सलग वाचले की तिची सुरुवात पूर्ण कळते. ८ व्या अंकात मध्येच चीता या खलनायिकेची कथा आहे. १, २, ३ असं वाचलं की दर अंकाला काळ बदलतो आणि लहान वाचकाचा धागा सुटतो.

१९४२ चा कापडी वेश

नऊ-दहा वर्षांच्या, साधारण १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलीसाठी लाल कापड पाऊण मीटर, निळं एक मीटर, पांढरा फेल्ट अर्धा मीटर आणि सोनेरी रेक्झिन अर्धा मीटर पुरतं. गांधीबागेत सुती कापड मागा. साटीन चमकतं, पण घामाने अंगाला चिकटतं आणि फोटोत त्याच्या सुरकुत्या दिसतात. लेस, गोटा, वेल्क्रो इतवारीतून आणता येतात.

मूळ चोळीला खांदे नाहीत. मुलीसाठी ती अंगाच्या रंगाच्या सुती टी-शर्टवर शिवून टाका, म्हणजे घसरत नाही आणि नाचता येतं. घागरा कमरेच्या दीडपट घेराचा आणि ३५ सेंटिमीटर लांबीचा करा. आत निळी चड्डी हवी. चांदण्या ५ सेंटिमीटरच्या कापा आणि घागरा शिवायच्या आधी, कापड सपाट असताना टाचा. शिवून झाल्यावर लावल्या की चुण्यांत अर्ध्या दडतात. त्यांची संख्या मोजत बसू नका, अंतर सारखं ठेवा.

गरुडात सगळ्यात जास्त चूक होते. रेक्झिनचा गरुड कापून लोक थेट ताणल्या जाणाऱ्या कापडावर चिकटवतात. कापड ताणलं जातं, रेक्झिन ताणलं जात नाही आणि पंखांची टोकं पहिल्या अर्ध्या तासात उचकटतात. गरुडाच्या मागे आधी जाड सुती कापड लावा, ते चोळीला चारही कडांनी हाताने टाचा. गोंद फक्त रेक्झिन आणि अस्तर यांच्यामध्ये वापरा.

लाल बूट नवे घेऊ नका. शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांवर गुडघ्याखालपर्यंत येणारी लाल कापडी खोळ शिवा, मधोमध ३ सेंटिमीटरची पांढरी पट्टी लावा आणि तळव्याखालून इलॅस्टिक घ्या.

लॅसोला ६ मिलिमीटर जाडीची पिवळी दोरी, ३ मीटर. जास्त लांब घेतली की पायात येते. चार वेढे करून मधोमध बांधा आणि पट्ट्याला हूकने अडकवा, गाठ मारून नको. गर्दीत कोणी ओढली तर हूक सुटला पाहिजे.

सिनेमातलं चिलखत

हे फोमचं काम आहे आणि त्याला निदान बारा दिवस हवेत. साहित्य असं: ५ मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम एक चौरस मीटर, २ मिलिमीटरचा अर्धा चौरस मीटर, रबरी चिकट (कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह) अर्धा लिटर, पांढरा फेविकॉल पाव किलो, काळा, लाल, तपकिरी, सोनेरी आणि चंदेरी अॅक्रिलिक रंग, निळं रेक्झिन पाऊण मीटर, ४ सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक आणि वेल्क्रो. फोम कॉसप्लेच्या (पात्रांसारखा वेश करण्याच्या छंदाच्या) नावाने मागितला तर महाग पडतो. चपलेच्या सोलचं सामान विकणाऱ्यांकडे हीच शीट मिळते. फक्त बोटाने दाबून पाहा: खळगा लगेच भरून आला पाहिजे.

माप अंगावरूनच घ्या. मुलीला जुना टी-शर्ट घाला, त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म आणि त्यावर कागदी मास्किंग टेप. टेप आवळून गुंडाळायची नाही, तुकडे लावायचे, आणि मुलीने श्वास भरून छाती फुगवलेली असताना लावायचे. मार्करने मधली रेघ, दोन्ही कुशी, काखेची गोलाई आणि कंबर आखा. टी-शर्टसकट पाठीमागून कापून काढा आणि रेघांवर तुकडे करून कागदावर उतरवा.

आता फोमची जाडी लक्षात घ्या. गोल फिरणाऱ्या तुकड्याला आतली बाजू अंगाइतकी लागते, बाहेरची जास्त. ५ मिलिमीटरच्या फोमला पूर्ण गोलात साधारण ३ सेंटिमीटर जादा धरावे लागतात. कागद जसाच्या तसा कापला तर कवच काखेत रुततं. सगळ्यात जास्त कवचं याच कारणाने वाया जातात.

कापताना पाती काटकोनात धरा आणि एकाच ओढीत कापा. फोम पाती लवकर बोथट करतो. बोथट पातीने कड कुरतडल्यासारखी होते आणि मग जोड नीट मिळत नाही. एका चिलखताला पाच-सहा पाती सहज लागतात.

जोडायच्या आधी आकार द्या. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) हात लांब धरून फिरवत राहा. पृष्ठभागाची चमक बदलली की फोम तयार झाला. तो मांडीवर किंवा पातेल्यावर वाकवून अर्धा मिनिट धरा. एकाच जागी गन थांबली तर फोड येतात आणि फोम आक्रसतो. केस वाळवायच्या यंत्राने हे काम होत नाही, तेवढी उष्णताच येत नाही. हे काम मोठ्यांनी करायचं, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

चिकट दोन्ही कडांना पातळ लावा आणि थांबा. बोट लावल्यावर तार येत नसेल तेव्हाच कडा भिडवा. कोरड्या दिवसात दहा मिनिटं लागतात, श्रावणाच्या दमट हवेत वीसही लागतात. घाईने ओलं चिकटवलं तर वाफ आत अडकते आणि जोड दोन दिवसांनी आपोआप उघडतो. एकदा भिडलं की हलवता येत नाही, म्हणून मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा. वास डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते.

छातीवरचं चिन्ह, कंबरेचा पट्टा आणि कडांच्या पट्ट्या २ मिलिमीटरच्या फोममधून कापून वर चिकटवा. मग फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून तीन हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात त्याला चार-पाच तास लागतात. जाड हात देऊन वेळ वाचवू नका: जाड थर वाळून कडक होतो आणि मुलगी वाकली की पोटाशी तडे जातात.

रंगात सिनेमाचा अवतार जमतो किंवा बिघडतो. आधी सगळीकडे काळा. लालात १० भागांना २ भाग तपकिरी आणि थेंबभर काळा मिसळा. २०२० च्या सिनेमासाठी तपकिरी अर्ध्यावर आणा. सोनेरी रंग ब्रशवर घेऊन कागदावर पुसून टाका आणि जवळपास कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवरून फिरवा. खाचांत काळा राहू द्या. सगळीकडे सोनं फासलं तर धातू दिसत नाही, मिठाईचा डबा दिसतो. शेवटी पारदर्शक वार्निशचे दोन हात द्या, म्हणजे पावसाची सर आली तरी रंग उतरत नाही.

कवचाची पाठ पूर्ण बंद करू नका. मागे दहा सेंटिमीटरची फट ठेवून दोन इलॅस्टिक पट्टे आणि वेल्क्रो लावा. बसता आलं पाहिजे, जेवता आलं पाहिजे.

घागऱ्यासाठी ६ सेंटिमीटर रुंद आणि २८ सेंटिमीटर लांब अशा रेक्झिनच्या २० पट्ट्या कापा. ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यावर दहा शेजारी शेजारी आणि दुसऱ्या थरात दहा, वरच्या सांध्यांवर मधोमध येतील अशा. एकाच थरात काम भागवलं तर चालताना पट्ट्या उघडतात आणि आतली चड्डी दिसते.

मनगटपट्ट्याचा कागद समलंब चौकोनाचा. मनगट १३ आणि कोपराखालचा घेर १८ सेंटिमीटर असेल तर फोमची कड १६ आणि २१ धरा, लांबी १२. आतल्या बाजूला दीड सेंटिमीटरची फट ठेवून वेल्क्रो लावा. रंग चंदेरी: काळ्यावर पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड बोटाने घासली तर चंदेरी रंगापेक्षा खऱ्या लोखंडाच्या जवळ जातं. वर वार्निश हवंच, नाहीतर पूड कपड्यांना लागते. मुकुट एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत, मागे इलॅस्टिक, चांदणी २ मिलिमीटरची आणि मुकुटाच्याच रंगाची.

तलवारीत लोखंड, लाकूड, पाइप काहीही घालू नका. ५ मिलिमीटरच्या फोमचे तीन थर एकावर एक चिकटवले तर साठ सेंटिमीटरची तलवार सरळ राहते आणि गर्दीत कोणाला लागली तरी इजा होत नाही. ढाल ४० सेंटिमीटर व्यासाची पुरे. मूल ढाल-तलवार दोन्ही तासभर धरत नाही, शेवटी ती तुमच्याच हातात येते. तेव्हा एकच करायचं असेल तर ढाल करा, फोटोत तीच दिसते.

त्या दिवशी आणि नंतर

फोम घाम शोषत नाही. आत बाहीचं सुती बनियन घाला, दर पाऊण तासाने कवच काढून पाणी द्या. पिशवीत रबरी चिकटची छोटी ट्यूब, सेफ्टी पिना आणि जादा वेल्क्रो ठेवा. हॉट ग्लूच्या काडीवर भिस्त ठेवू नका, उन्हात ती मऊ पडते.

कवचात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, पंख्याखाली दोन दिवस वाळवा. मग आत सुती कापड घालून खोक्यात ठेवा, पण माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत नको. नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त होतं आणि रबरी चिकटचे जोड सुटून फोम सपाट पडतो. बंद गाडीत तर मार्चपासूनच ठेवू नका. पुढच्या तान्ह्या पोळ्याला मुलगी वाढलेली असेल. पाठीची फट तेव्हा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढवता येते, त्यासाठी इलॅस्टिकची टोकं आत्ताच थोडी लांब दुमडून ठेवा.